मोबाइल डेटावर आरटीके मोजणी: नागपूरच्या वावरात दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत कसं पोहोचायचं

रोव्हरचा, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणाऱ्या रिसीव्हरचा, दांडा धुऱ्यावर उभा करायचा, मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करायचा आणि पडद्यावर ‘फिक्स’ (जागा पक्की) आलं की बटण दाबायचं. नागपूर आणि आसपासच्या तालुक्यांत खासगी मोजणीचं बरंच काम आता असं होतं. याला आरटीके (रिअल टाइम किनेमॅटिक) म्हणतात: ठाऊक जागेवरच्या स्थिर रिसीव्हरकडून, म्हणजे बेसकडून, दुरुस्ती घेऊन तिथल्या तिथे अचूक मोजणं. पद्धत खरोखर चांगली आहे. पूर्वी बेस रिसीव्हर, तिपाई, रेडिओ, जड बॅटरी आणि बेसजवळ राखण बसायला एक माणूस लागायचा. तेच काम आता एक माणूस एका दांड्यावर करतो. मात्र ‘फिक्स’ हे यंत्राचं स्वतःबद्दलचं मत असतं. ते खरं आहे की नाही हे मोजणाऱ्याने तपासायचं असतं, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं. त्यामुळे जोडणी कशी करायची हे या लेखात आहेच, पण तपासणीवर मी जास्त वेळ घेणार आहे.

डेटावरून नेमकं काय येतं

आधी एक गैरसमज दूर करू. या पद्धतीत मोबाइल मोजत नाही. फोनमधला जीपीएस तीन ते पाच मीटरच्या पलीकडे फारसा भरवशाचा नाही. मोजतो तो रोव्हर, म्हणजे दोन किंवा अधिक वारंवारिता घेणारा जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रह प्रणालींचा) रिसीव्हर. फोन फक्त त्याच्यापर्यंत दुरुस्तीचा डेटा पोहोचवतो.

उपग्रहाच्या सिग्नलमध्ये कक्षा, घड्याळ, आयनमंडल आणि वातावरण यांच्यामुळे चुका शिरतात. ज्याची जागा आधीच अचूक ठाऊक आहे असा स्थिर रिसीव्हर त्याच वेळी तेच उपग्रह ऐकत असेल, तर या चुका किती आहेत ते त्याला कळतं. त्याची निरीक्षणं आरटीसीएम नावाच्या ठरलेल्या साच्यात, एनट्रिप या पद्धतीने, इंटरनेटवरून दर सेकंदाला रोव्हरकडे येतात. मग रोव्हर उपग्रहापासून आपल्यापर्यंतच्या वाहक लहरी मोजतो आणि त्या स्थानकाच्या निरीक्षणांशी ताडून पाहतो. जीपीएसच्या एल-१ लहरीची लांबी सुमारे १९ सेंटीमीटर आहे. पूर्ण लहरींची संख्या पक्की कळली तर ‘फिक्स’, अंदाजावर राहिली तर ‘फ्लोट’. फ्लोट म्हणजे दोन-चार डेसिमीटर, कधी त्याहून जास्त. ते हद्दीच्या किंवा लेआउटच्या कामाचं नाही.

एकाच स्थानकावरून दुरुस्ती घेतली तर अंतरासोबत चूक वाढते. बहुतेक कंपन्या आडव्या अचूकतेसाठी ‘८ मिलीमीटर अधिक प्रति किलोमीटर १ मिलीमीटर’ असं लिहितात. स्थानक ३० किलोमीटर लांब असेल तर हिशेब ३८ मिलीमीटरवर जातो, आणि हेसुद्धा आकाश चांगलं असेल तेव्हा. नेटवर्क दुरुस्तीत सर्व्हर आजूबाजूच्या अनेक स्थानकांवरून तुमच्या भागातल्या चुकांचं गणित मांडतो आणि तुमच्या जवळच एक कल्पित स्थानक आहे असं धरून डेटा पाठवतो. याला व्हीआरएस म्हणतात. त्यासाठी रोव्हरने आपली ढोबळ जागा, म्हणजे जीजीए ओळ, सर्व्हरला पाठवावी लागते. ही ओळ पाठवण्याची सोय बंद राहिली की लॉगिन होतं, हिरवा दिवा लागतो आणि डेटा मात्र येत नाही.

दुरुस्ती कुणाकडून घ्यायची

सर्व्हे ऑफ इंडियाने देशभर कॉर्स, म्हणजे सतत चालणारी संदर्भ स्थानकं उभारली आहेत. महाराष्ट्रात अशी ७७ स्थानकं आहेत आणि भूमी अभिलेख विभागाची रोव्हर मोजणी त्यांच्यावरच उभी आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने भूस्थानिक डेटाचे नियम मोकळे केले, तेव्हापासून खासगी भारतीय मोजणीदारालाही ही सेवा घेता येते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स पोर्टलवर नोंदणी करा, सेवा निवडा. खात्यात सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, वापरनाव, पासवर्ड आणि माउंटपॉइंटची, म्हणजे सर्व्हरवरच्या दुरुस्तीच्या वेगवेगळ्या प्रवाहांची, नावं मिळतील. तीच जशीच्या तशी टाका. दुसऱ्याकडून व्हॉट्सॲपवर आलेल्या सेटिंगवर काम सुरू करू नका. माउंटपॉइंट बदलले की संदर्भही बदलू शकतो आणि तुम्हाला त्याचा पत्ता लागत नाही.

दुसरा मार्ग स्वतःच्या बेसचा. हिंगण्यात किंवा वाडीला ऑफिसच्या गच्चीवर एक रिसीव्हर, फायबर इंटरनेट आणि एखादा कास्टर, म्हणजे बेसचा डेटा घेऊन रोव्हरला देणारा सर्व्हर. यू-ब्लॉक्स एफ९पी सारख्या स्वस्त दुहेरी वारंवारितेच्या बोर्डांनी हे छोट्या कार्यालयांच्या आवाक्यात आणलं. पंधरा-वीस किलोमीटरच्या आत हा बेस छान चालतो. बेस मोबाइल सिमवर ठेवणार असाल तर लक्षात घ्या की सिमला सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही. रोव्हर थेट बेसला गाठू शकत नाही. दोघांनीही मधल्या कास्टरला जोडलं पाहिजे. आणि गच्चीवरच्या बेसचे निर्देशांक ‘इथेच सरासरी घे’ म्हणून भरू नका. काही तासांचा स्थिर डेटा घेऊन तो कॉर्सशी जोडून गणित करा. बेसची चूक प्रत्येक बिंदूत जशीच्या तशी उतरते, आणि रोव्हर मात्र अगदी समाधानाने फिक्स दाखवत राहतो.

सिम, फोन आणि सातत्य

लोक डेटाचा वेग पाहतात. इथे वेगाचं काम जवळजवळ नाही. चारही उपग्रह प्रणालींची दुरुस्ती धरली तरी सेकंदाला साधारण एक किलोबाइट लागतो, तासाला तीन-चार एमबी. दिवसभराचं काम पन्नास एमबीच्या आत. लागतं ते सातत्य. दुरुस्तीचं वय, म्हणजे मिळालेला डेटा किती सेकंद जुना आहे, हे एक-दोन सेकंदांत राहिलं पाहिजे. पाचच्या वर गेलं की मी बटण दाबत नाही. यंत्र तीस सेकंद जुन्या डेटावरही फिक्स धरून ठेवू शकतं, पण तो फिक्स दुपारच्या नागपूरच्या आकाशात फार काळ खरा राहत नाही. (का, ते पुढे येतंय.)

त्यामुळे जागेवर गेल्यावर स्पीड टेस्ट करू नका. वावराच्या चारही कोपऱ्यांवर चालून दुरुस्तीचं वय बघा. मग या गोष्टी:

दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. देवलापार, पारशिवनीचा पेंचकडचा भाग, उमरेड-कऱ्हांडला जंगलाची कड, भिवापूर-कुहीची आडगावं इथे एका कंपनीला रेंज असते आणि दुसरीला नसते. कोणती चालते ते गावातल्या किराणा दुकानदाराला विचारा, नकाशावरच्या कव्हरेजपेक्षा तो खरं सांगतो.

फोन ४जी आणि ५जी यांच्यात उड्या मारत असेल तर प्रत्येक उडीला एनट्रिपची जोडणी तुटू शकते. ग्रामीण भागात फोन ४जीवर कायम करून ठेवा.

रोव्हरच्या आत सिम घालायची जागा असेल तर आतला मोडेम कोणत्या पिढीचा आहे ते पाहा. फक्त २जी-३जी मोडेम असलेले जुने रोव्हर जिओच्या सिमवर चालणारच नाहीत, कारण जिओकडे ते जाळं नाही. अशा रोव्हरला फोनच्या हॉटस्पॉटवर किंवा ब्लूटूथवर आणा. रोव्हरमध्ये सिम टाकत असाल तर एपीएन (कंपनीच्या इंटरनेट जोडणीचं नाव) हाताने भरा: जिओसाठी जिओनेट, एअरटेलसाठी एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, बीएसएनएलसाठी बीएसएनएलनेट, अर्थात इंग्रजी अक्षरांत.

बॅटरी बचतीच्या यादीतून एनट्रिपचं ॲप बाहेर काढा. पडदा बंद झाला की अँड्रॉइड ॲप झोपवतो आणि दुरुस्ती थांबते. फोनवर कॉल आला की काही फोनमध्ये, विशेषतः कॉल दुसऱ्या सिमवर आला तर, डेटा थांबतो. मोजणीच्या फोनवरून लोकांशी बोलू नये हेच बरं. त्यासाठी वेगळा फोन ठेवा.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की फोन आणि टॅब्लेट तापून मंद होतात, चार्जिंग थांबवतात, कधी बंद पडतात. काळं कव्हर काढा, दांड्यावर सावली करा, पॉवर बँक पिशवीत ठेवा आणि जड काम सकाळी साडेदहाच्या आत उरका.

जोडणी, पायरीपायरीने

१. रोव्हर मोकळ्या जागेत चालू करा आणि दोन मिनिटं आकाश बघू द्या. जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बेइदू चारही चालू ठेवा. उन्नत कोनाची मर्यादा १० ते १५ अंश, म्हणजे त्याहून क्षितिजाजवळचे उपग्रह सोडायचे.

२. फोनवर ॲप उघडा. रोव्हरसोबत आलेलं कंपनीचं ॲप असेल तर तेच. नसेल तर एसडब्ल्यू मॅप्स किंवा लेफेब्युरचं एनट्रिप क्लायंट. ब्लूटूथने रोव्हर जोडा.

३. एनट्रिपच्या पानावर सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट भरा. एनट्रिपचं रूढ पोर्ट २१०१ आहे, पण तुमच्या खात्यात जे दिलंय तेच खरं. वापरनाव आणि पासवर्डमधली लहान-मोठी अक्षरं जपा.

४. माउंटपॉइंटची यादी मागवा. यादीच आली नाही तर अडचण इंटरनेट, पत्ता किंवा पोर्टची. यादी आली पण जोडणी नाकारली तर नाव-पासवर्डची. जोडणी झाली पण डेटा शून्य राहिला तर जीजीए पाठवणं बंद आहे, किंवा रोव्हरला अजून आपली जागाच सापडलेली नाही. या तीन पायऱ्या लक्षात ठेवल्या तर बहुतेक अडचणी जागेवरच सुटतात.

५. नेटवर्क दुरुस्तीचा माउंटपॉइंट निवडा, जीजीए दर पाच-दहा सेकंदांनी जाऊ द्या.

६. स्थिती बघा. जीजीए ओळीत दर्जाचा आकडा असतो: १ म्हणजे साधा जीपीएस, २ म्हणजे डीजीपीएस, ५ म्हणजे फ्लोट, ४ म्हणजे फिक्स. मोकळ्या आकाशाखाली मिनिटाच्या आत ४ यायला हवा.

७. ॲपमध्ये असा नियम लावा की फिक्स नसेल, दुरुस्तीचं वय मर्यादेबाहेर असेल किंवा अंदाजित आडवी चूक ३ सेंटीमीटरच्या वर असेल तर बिंदू साठवलाच जाऊ नये. थकलेल्या माणसाच्या डोळ्यांवर हे सोडू नका.

८. दांड्याची उंची भरा: टोकापासून अँटेनाच्या कोणत्या खुणेपर्यंत, हे यंत्राच्या पुस्तिकेत पाहून. २ मीटरचा दांडा १.८० वर आणलात आणि ॲपमध्ये २.०० राहिलं, तर सगळ्या उंचींत वीस सेंटीमीटरची चूक.

व्हीआरएसबाबत एक सूचना. सकाळी काटोलला काम करून दुपारी नरखेडला गेलात आणि जोडणी तशीच चालू राहिली, तर कल्पित स्थानक काटोललाच राहू शकतं. जागा बदलली की जोडणी तोडून पुन्हा करा.

निर्देशांकांची निवड

यूटीएम हे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे करून मीटरमध्ये निर्देशांक देणारं नकाशा-प्रक्षेपण. ७८ ते ८४ रेखांशांचा पट्टा म्हणजे त्याचा ४४ वा उत्तर विभाग. नागपूर शहर ७९ अंश ५ मिनिटांच्या आसपास आहे, म्हणजे ४४ मध्येच. वर्धा आणि यवतमाळही ४४ मध्ये, पण अमरावती शहर ४३ मध्ये पडतं. अमरावतीच्या कामानंतर प्रकल्प फाइलची नक्कल करून नागपुरात काम उघडलं की विभाग चुकलेला राहतो. ओळखायची सोपी खूण: ४४ मध्ये नागपूरचा पूर्वांक तीन लाखांच्या आसपास आणि उत्तरांक तेवीस लाखांच्या पुढे असतो. पूर्वांक नऊ लाखांच्या वर दिसला तर विभाग ४३ लागलाय. दोन विभागांमधली ही ७८ अंशांची रेषा आपल्याच भागातून जाते. याच रेखांशाच्या आसपास विल्यम लॅम्बटन यांनी दक्षिणेकडून उत्तरेकडे मोठ्या चापाची त्रिकोणमितीय मोजणी आणली, आणि नागपूरकडे येत असताना १८२३ मध्ये हिंगणघाटला त्यांचं निधन झालं. विदर्भात मोजणीचं काम करणाऱ्याने हे ठाऊक ठेवावं असं मला वाटतं.

नागपूरच्या मोजणीदाराला भूगोलाने एक सवलत दिली आहे. यूटीएमच्या नकाशावरचं अंतर आणि जमिनीवर टेपने मोजलेलं अंतर सहसा जुळत नाही. काही ठिकाणी किलोमीटरला ४० सेंटीमीटरपर्यंत फरक पडतो. नागपूर आपल्या विभागाच्या मध्य रेखांशापासून, म्हणजे ८१ अंशांपासून, सुमारे २०० किलोमीटर पश्चिमेला आहे. तिथे हा गुणक जवळपास एकवर येतो. जमिनीची उंची धरूनही किलोमीटरला फरक साधारण ५ सेंटीमीटरच राहतो, शंभर मीटरला अर्धा सेंटीमीटर. म्हणजे पन्नास मीटरची बाजू टेपने मोजून तुमच्या आकड्याशी पाच सेंटीमीटरने चुकली, तर प्रक्षेपणाला दोष देऊ नका. कुठला तरी बिंदू चुकलाय.

दिशेचा फरक मात्र राहतो. नकाशाच्या जाळीची उत्तर आणि खरी उत्तर यांत नागपूरला सुमारे ०.७ अंशाचा कोन आहे. दोनशे मीटर लांबीवर तो जवळपास अडीच मीटर बाजूला सरकवतो. जुना लेआउट नकाशा खऱ्या उत्तरेवर काढलेला असेल आणि तुम्ही तो तसाच यूटीएमवर ठेवलात, तर एक कोपरा बसतो आणि दुसरा शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये जातो.

संदर्भ चौकट आणि तिची तारीखही लिहून ठेवा. भारताचा भूखंड दरवर्षी सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो. कॉर्सचे निर्देशांक एका ठरावीक तारखेला बांधलेले असतात, तर उपग्रहावरून मिळणाऱ्या दुरुस्तीसेवा अनेकदा आजच्या तारखेचे निर्देशांक देतात. दहा वर्षांचं अंतर असेल तर दोन्हींत अर्धा मीटर फरक पडतो, आणि दोन्ही पडद्यांवर फिक्स असतो. एका कामात दोन सेवा मिसळू नका.

वावरात: आकाश, झाडं, तारा, माती

नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे आणि आरटीकेसाठी हा अक्षांश अवघड आहे. चुंबकीय विषुववृत्तावर दिवसा वर उचलला गेलेला आयनमंडलातला विद्युतभारित वायू दोन्ही बाजूंना उतरतो आणि त्याची दाटी साधारण वीस-पंचवीस अक्षांशांच्या पट्ट्यात होते. अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता त्या पट्ट्यात येतात, नागपूर त्याच्या दक्षिण कडेवर. दुपारी बारा ते चार हा थर सर्वांत दाट आणि सर्वांत बदलता असतो. सकाळी वीस सेकंदांत येणारा फिक्स दुपारी दोनला पाच मिनिटं घेतो, येतो आणि जातो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतरचे काही तासही वाईट असतात. त्या वेळी सिग्नल अक्षरशः लुकलुकतात. सूर्यावरच्या हालचाली वाढतात त्या वर्षांत हे अधिक जाणवतं. सध्याच्या सौरचक्राचा जोराचा काळ २०२४ च्या आसपास होता. म्हणून नियंत्रण बिंदू (बाकीची मोजणी ज्यांच्यावर टेकते ते) आणि हद्दीचे कोपरे सकाळी घ्या. दुपार विहीर, खांब, रस्त्याची कड अशा कमी महत्त्वाच्या तपशिलांना द्या.

संत्र्याच्या बागेत यंत्र सर्वांत जास्त फसवतं. काटोल-नरखेडच्या जुन्या बागांत झाडं फार उंच नसतात, त्यामुळे थोडं आकाश दिसतं, थोडे उपग्रह मिळतात आणि फिक्स येतो. पण ओल्या, दाट पानांतून आणि पानांवरून उसळून आलेल्या सिग्नलमुळे तो खोटा असू शकतो: लहरींची संख्या चुकीची पकडलेली, पडद्यावर अंदाजित चूक दीड सेंटीमीटर, प्रत्यक्षात चूक अर्धा मीटर. सागाच्या रानात तर फिक्स येतच नाही, ते एका अर्थी बरं, कारण माणूस सावध होतो. बागेत कोपरा झाडाखाली असेल तर मोकळ्यात दोन बिंदू घ्या आणि तिथून टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने) किंवा टेपने कोपरा पकडा. झुकलेल्या दांड्याची भरपाई करणारे रोव्हर असतात. भिंतीच्या कोपऱ्यासाठी ते सोयीचे आहेत, पण हद्दीच्या बिंदूवर मी दांडा सरळच ठेवतो, दोन पायांच्या आधाराने, बुडबुडा मध्ये आणून.

काळ्या मातीत दांड्याचं टोक रुतत जातं. पावसाळ्यात एका बिंदूवर दोन मिनिटं उभं राहिलात तर उंची काही सेंटीमीटर खाली जाते. दांड्याखाली चपटी चकती लावा आणि तिची जाडी धरा, किंवा आधी खुंटी ठोका आणि खुंटीच्या डोक्यावर मोजा. हीच माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. उथळ गाडलेले दगड ती हलवते. नियंत्रण बिंदू मातीत ठेवू नका. पुलाचा कठडा, विहिरीचं पक्कं बांधकाम, ग्रामपंचायतीचा ओटा शोधा.

आता जिवाची गोष्ट. कार्बन फायबरचा दांडा वीज वाहून नेतो. शेतावरून गेलेल्या ११ केव्हीच्या तारा अनेक ठिकाणी खाली झोळलेल्या असतात. लांब केलेला दांडा खांद्यावर घेऊन त्यांच्याखालून जाऊ नका. कोराडी-खापरखेड्याकडून निघणाऱ्या अतिउच्च दाबाच्या वाहिन्यांपासून अंतर ठेवा. जून-जुलैत मोकळ्या वावरात ढग गडगडले की दांडा आडवा टाका आणि पक्क्या इमारतीत जा. विदर्भात दर पावसाळ्यात वीज पडून माणसं जातात. राहिलेले बिंदू उद्या घेता येतात.

तपासणी

कामाला सुरुवात करण्याआधी एका ठाऊक बिंदूवर उभे राहा. शहरात आपल्या ऑफिसजवळ, मोकळ्या आकाशाखाली, काही तासांच्या स्थिर निरीक्षणातून बसवलेला एक बिंदू प्रत्येक मोजणीदाराकडे असावा. रोज निघताना तिथे पंधरा सेकंद. फरक आडवा २-३ सेंटीमीटर आणि उभा ४-५ सेंटीमीटर यांच्या आत असेल तर माउंटपॉइंट, विभाग, दांड्याची उंची आणि सेवा या चारही गोष्टी एकदम तपासून होतात. मोठ्या कामात जागेवरच असे दोन-तीन बिंदू करा आणि जेवणाआधी, जेवणानंतर, संध्याकाळी त्यांवर परत या.

प्रत्येक महत्त्वाचा बिंदू दोनदा घ्या, आणि दुसरी वेळ पहिलीपासून खरोखर वेगळी असली पाहिजे. लगेच दुसऱ्यांदा बटण दाबलं तर खोटा फिक्स तोच खोटा आकडा परत देतो. पहिल्यांदा ३० सेकंद मोजा. मग फिक्स मुद्दाम तोडा: दुरुस्ती बंद करा किंवा अँटेना झाकून उपग्रह सुटू द्या. नव्याने फिक्स येऊ द्या आणि पुन्हा मोजा. कोपऱ्याच्या आणि नियंत्रणाच्या बिंदूंसाठी दोन मोजण्यांत किमान तासभर जाऊ द्या, म्हणजे उपग्रहांची मांडणी बदलते. दोन्ही आकडे जुळले तर सरासरी घ्या. जुळले नाहीत तर तिसरी मोजणी. जवळचे दोन निवडून तिसरा गुपचूप टाकून देऊ नका, तो का वेगळा आला ते शोधा.

शेवटी टेप. शेजारच्या दोन कोपऱ्यांतलं अंतर टेपने मोजा, शक्य असेल तर एक कर्णही. टेप इंटरनेटवर चालत नाही, म्हणून त्याची साक्ष स्वतंत्र आहे. दिवसभराचे साठ बिंदू आणि एकही टेपचं माप नाही, असं काम मी पूर्ण धरत नाही.

फाइल काढताना दशांश स्थळं बघा. अक्षांश-रेखांश सहा दशांशांवर काढले तर शेवटचा अंक सुमारे ११ सेंटीमीटरचा असतो. अख्खा दिवस जपलेली अचूकता त्या एका निवडीत जाते. आठ दशांश ठेवा किंवा यूटीएममध्ये मिलीमीटरपर्यंत काढा.

उंची

रोव्हरला कळते ती पृथ्वीचा आकार म्हणून धरलेल्या गणिती लंबगोलापासूनची उंची. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा नागपूर भागात ती साठ-सत्तर मीटरने कमी येते. सीताबर्डीजवळच्या झिरो माइलच्या जीटीएस (ग्रेट ट्रिगोनॉमेट्रिकल सर्व्हे) दगडावर १०२०.१७१ फूट कोरलंय, म्हणजे ३१०.९४८ मीटर, तिथे उभा केलेला रोव्हर भूरूप प्रतिमान (जिओइड मॉडेल, म्हणजे लंबगोल आणि समुद्रसपाटी यांतला फरक) न लावता अडीचशेच्या आतबाहेरचा आकडा दाखवेल. ॲपमध्ये ईजीएम २००८ हे जागतिक प्रतिमान लावलं की आकडा ओळखीचा दिसू लागतो, पण जागतिक प्रतिमानात स्थानिक पातळीवर काही डेसिमीटरांचा फरक उरू शकतो. नाला, कालवा, गटार, रस्त्याचा उतार अशा कामांत हे चालत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या किंवा त्या प्रकल्पाच्या तलचिन्हावर (उंची पक्की ठाऊक असलेल्या खुणेवर) रोव्हर ठेवा, फरक काढा आणि तो सगळ्या बिंदूंना लावा. जिथे मिलीमीटरांचा उतार हवा तिथे ऑटो लेव्हलला पर्याय नाही.

रेंजच नसेल तिथे

काम रद्द करायची गरज नाही. रोव्हरमध्ये कच्चा डेटा साठवणं चालू करा आणि प्रत्येक बिंदूवर स्थिर उभे राहा: मोकळ्या आकाशात नियंत्रण बिंदूला अर्धा-पाऊण तास, तेही दोन-तीन बिंदूंपुरतं. जवळच्या कॉर्सचा त्याच वेळेचा डेटा नंतर पोर्टलवरून घ्या आणि घरी गणित करा. आरटीकेलिबसारखं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. मग त्या बिंदूंवर स्वतःचा बेस लावून रेडिओने उरलेलं काम करा. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा भारतात ठरावीक शक्तीपर्यंत परवान्याशिवाय वापरता येतो. मोजणीच्या इतर बहुतेक रेडिओंना परवाना लागतो. रेंज थोडीफार असेल तर फोन उंचावर, गाडीच्या टपावर किंवा मचाणावर ठेवून हॉटस्पॉट द्या. अनेकदा दोन मीटरच्या उंचीनेही काम होतं.

जुना नकाशा, धुरा आणि तुमचे दोन सेंटीमीटर

मौजा, खसरा क्रमांक आणि पटवारी हलका सांगून शेतकरी विचारतो, “साहेब, आमचा धुरा कुठं आहे ते दाखवा.” रोव्हर याचं उत्तर देऊ शकत नाही. तो आज जमिनीवर काय आहे ते दोन-तीन सेंटीमीटरमध्ये सांगतो. हद्द कुठे असायला हवी ते टिपण, गट नकाशा, फाळणी आणि जुन्या खुणांवरून ठरतं, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार हद्द कायम करणं हे सरकारी यंत्रणेचं काम आहे. साखळीने मोजलेल्या जुन्या नकाशाची अचूकता तुमच्या यंत्राइतकी नाही. गट नकाशा स्कॅन करून उपग्रह चित्रावर बसवायचा आणि त्यावरून खुंट्या ठोकायच्या, असं काही जण करतात. त्यातून दोन भावांत कायमचं वैर उभं राहतं. तुम्ही जागेवरची स्थिती मोजा: आज धुरा, कुंपण, बाभळीची रांग, विहीर कुठे आहे. हद्दीचा वाद असेल तर सरकारी मोजणीचा अर्ज करायला सांगा आणि ‘क’ प्रत (त्या मोजणीचा अधिकृत नकाशा) आल्यावर तिच्याशी आपले बिंदू जुळवा.

जुळवताना स्थानिक समायोजन लागतं. त्यासाठी कामाच्या भोवती पसरलेले किमान चार सामाईक बिंदू घ्या, एका ओळीत नकोत. प्रत्येक बिंदूवर उरलेला फरक बघा. एकाच बिंदूवर तो मोठा असेल तर ती खूण हललेली असते. सगळ्यांवर सारखा पसरला असेल तर नकाशाच तेवढा सैल आहे. जुळवणी त्या चौकटीच्या बाहेर ताणू नका.

काम हातावेगळं करताना नकाशासोबत एक पान द्या. त्यावर सेवा आणि माउंटपॉइंट, संदर्भ चौकट आणि तारीख, यूटीएम विभाग, उंचीचं तलचिन्ह, दांड्याची उंची, दुहेरी मोजण्यांतला फरक, टेपची मापं आणि टोटल स्टेशनने घेतलेले बिंदू लिहा. फिक्स न मिळालेले बिंदूही तसेच नमूद करा. कच्ची फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा. पाच वर्षांनी शेजारच्या खसऱ्याची मोजणी निघेल तेव्हा तो मोजणीदार, कदाचित तुम्हीच, हे पान आधी मागेल.